पडद्याकडे पाठ

शहरदर्शनाची बस आधी तळ्यावर नेते, मग फुलपाखरांच्या बागेत, आणि जेवणाआधी जुन्या कापडगिरणीत. गिरणीचं आता संग्रहालय झालंय. जिथं माणसं जळून मेली तिथं काचेच्या गाडीवर पॉपकॉर्न मिळतं, आणि लोक ते खात खात आत येतात.

फिल्मच्या खोलीत गाइडबाई नेहमी पडद्याकडे पाठ करून उभी राहायची. लोकांना वाटायचं, काय तयारीची बाई आहे, एकदाही मागं न बघता घडाघडा बोलते. संग्रहालयाच्या साहेबालाही तसंच वाटायचं.

त्या दिवशी बसमधून सगळ्यात शेवटी तिची आई उतरली. गिरणी जळाल्यापासून तिनं या फाटकात पाऊल टाकलं नव्हतं. कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटानं तिचे कान केव्हाच खाल्ले होते. मुलगी तिच्याशी आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायची, अगदी लहानपणापासून.

'तू तर तळं बघायला जाणार होतीस,' मुलीचे ओठ म्हणाले.

"बघितलं. पाणी आहे त्यात." आई सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशी बोलली. आपला आवाज केवढा निघतो हे तिला कळत नसे. "आणि हे पण तिकिटातच आहे म्हणे. मग सोडू कशाला?"

लोक हसले. मुलगी हसली नाही.

खोलीतले दिवे मालवले. मुलीच्या तोंडावर तेवढा एक छोटा दिवा राहिला. पियानोचे गोड सूर सुरू झाले आणि पडद्यावर काळ्यापांढऱ्या बायका साच्यांपुढे उभ्या राहून हसायला लागल्या. आगीच्या थोडेच दिवस आधी मालकानं हौसेनं काढून घेतलेली मुकी फिल्म. मुलीनं पडद्याकडे पाठ केली आणि बोलायला लागली.

"बघा, किती हसतखेळत काम चालायचं. दुर्दैवानं पुढं आग लागली. मागचं दार उघडं होतं, पण घाबरलेल्या कामगारांना ते सुचलंच नाही."

आई पहिल्या बाकावर होती. तिच्यासमोर दोन तोंडं हलत होती. पुढे मुलीचं, आणि मुलीच्या खांद्यावरून मागे, पडद्यावर, आगीत गेलेल्या तिच्या धाकट्या बहिणीचं.

"दार काय होतं म्हणालीस?"

मुलीनं पुढचं वाक्य सुरू केलं.

"वळ ना मागं. तुझी मावशी काय म्हणतेय ते बघ, आणि तू काय म्हणतेस ते बघ."

शेजारचे एक गृहस्थ तिच्याकडे वाकले. "आजी, मुका सिनेमा आहे हा. कुणी काही बोलत नाही यात."

पडद्याच्या उजेडात आईनं त्यांचे ओठ वाचले. "तुम्हाला कान आहेत ना, म्हणून कळत नाही. साचे चालू असले की बोंब मारली तरी शेजारणीला ऐकू जायची नाही. आम्ही ओठांवरच बोलायचो. ती वेणीवाली म्हणतेय, नवे कपडे दिलेत, फिल्म झाली की काढून घेणार. तिच्या बाजूची म्हणतेय, मग हस की पटापट. आणि ही माझी." आईचं बोट हवेतच राहिलं. "ती म्हणतेय, मागच्या दाराला आज पण कुलूप. चावी कुणाकडे गं? मला विचारतेय. मी कॅमेऱ्याच्या मागे होते. तोंड उघडलं असतं तर मुकादमानं झापलं असतं, म्हणून नुसतं हनुवटीनं दाखवलं, कुणाकडे ते."

पॉपकॉर्न चावण्याचा आवाज बंद झाला.

मुलीला यातलं काहीच नवीन नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिनं मावशीचे ओठ वाचले होते. दुसऱ्या दिवसापासून ती पाठ करून उभी राहायला लागली. पण डोळे मिटता येतात, पाठ कशी मिटणार? रोज प्रत्येक खेळाला, मावशी त्या शब्दांवर आली की तिच्या मानेवर काटा यायचा.

साहेब दारात येऊन उभा राहिला होता. बोटावर चाव्यांचा जुडगा फिरवत होता. "ताई, आईंना बाहेर बसवा. आणि लिहून दिलंय तेवढंच बोलत जा. नोकरी हवीय ना?"

"हवीय," ती म्हणाली. खरंच हवी होती. दुसरी कोण देणार होतं?

फिल्म संपली आणि आपोआप पहिल्यापासून लागली. त्या बायकांना सुटी अशी नसतेच.

मुलीनं हात लांब करून पियानोचं बटण बंद केलं. मग ती वळली. आता लोकांकडे पाठ आणि पडद्याकडे तोंड. वेणीवालीचे ओठ हलले, तशी मुलगी बोलली, "नवे कपडे दिलेत. फिल्म झाली की काढून घेणार." बाजूचीचे हलले. "मग हस की पटापट."

पडद्यावरच्या सगळ्या जणी हसल्या. खोलीत कुणी हसलं नाही.

मावशीनं मान वळवली. तिला बहिऱ्या बहिणीच्या मुलीचा आवाज मिळाला होता.

"मागच्या दाराला आज पण कुलूप. चावी कुणाकडे गं?"

पहिल्या बाकावर आईनं हनुवटी उचलली आणि दाराकडे दाखवलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. दारात साहेब उभा होता. बोटावर फिरणारा जुडगा थांबला, आणि त्यानं तो हळूच पाठीमागे नेला.