डॉक्टरांनी फोनवर तपासलं

“श्वास चालतो का?” अलिबागहून डॉक्टरांनी फोनवर विचारलं.

पोस्टमास्तर बाळाजींनी मागे पाहिलं. बाकावर वेणूबाई नातवाला घोंगडीत घेऊन बसली होती. शेजारी लेक चांगदेव आणि सून केसर. तापाने फणफणलेलं पोर आकडी आल्यापासून निपचित पडलं होतं.

“कळत न्हाय,” वेणूबाई म्हणाली. “अंग गार पडलंय.”

पावसाळ्यात होड्या बंद, म्हणजे अलिबाग विलायतेइतकं लांब. पण गेल्या दसऱ्याला पोस्टात फोन आला आणि गावाला डॉक्टर मिळाला. त्यांच्या सांगण्यावरून मोरूचा विंचू उतरला, बायजा अडली होती ती सुखरूप सुटली. गाव काही उगाच कुणापुढे डोकं टेकत नाही.

“बाळाच्या छातीला फोन लावा. मी ऐकतो. कोणी बोलू नका.”

बाळाजींनी फोन वेणूबाईकडे दिला. तिने तो घोंगडीत घातला. केसरने तोंडात पदर कोंबला.

जरा वेळाने बाळाजींनी फोन परत कानाला लावला.

“काहीच ऐकू येत नाही हो,” डॉक्टर म्हणाले. “गेलं पोर. आईला सांभाळा.”

बाळाजींनी ते सांगितलं, तशी चांगदेवने घोंगडी पोराच्या तोंडावर ओढली. लग्नानंतर किती वर्षांनी, किती नवसांनी झालेलं ते पोर.

दिवस मावळायच्या आत केवड्याच्या बनामागे खड्डा खणला. लगेच पाणी लागलं, म्हणून उथळच ठेवला. वर सैल रेती लोटली आणि माणसं परत फिरली. पुरून येताना मागे वळून बघायचं नसतं, नाहीतर मेलेलं पाठी लागतं. हे काय कोणी शिकवावं लागतं?

थोडं चालले असतील, तोच मागून बारीक रडणं ऐकू आलं.

चांगदेव थबकला. भावकीतल्या रावजीने त्याचा दंड धरला. “चल. बघू नको. भूल हाय ती.”

ऐकलं सगळ्यांनी. वळलं कोणी नाही. पुढच्या वळणापर्यंत रडणंही थांबलं.

नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळला, तसे डॉक्टर स्वतः होडीने आले. भला माणूस. त्या पोराने जिवाला चटका लावला होता त्यांच्या. ओटीवर बसून त्यांनी वेणूबाईला विचारलं, “आजी, मनाला टोचतंय म्हणून विचारतो. फोन नीट टेकवला होता ना छातीला?”

“व्हय तर. चांगला दाबून धरलेला,” वेणूबाई म्हणाली. “बोलायचं टोक वर ठेवलं, आन् कानाला लावतात ना, ते पोराच्या छातीला लावलं. तुमाला ऐकायचं व्हतं ना?”