पाठीचे कान

"बाटली अडखळतेय," आत्या म्हणाली.

लहान बाळांच्या वॉर्डात मोठ्याने बोलायचं नसतं, म्हणून ती हळू बोलली. पण बोलली ठामपणे. सहा दिवसांपूर्वीच ती आत्या झाली होती. काचेच्या पेटीत तिची भाची निजली होती, वजन जेमतेम सव्वा किलो. तिच्या नाकाशी लावलेली नळी पुढे पाण्याच्या बाटलीत बुडवलेली होती. तिथे बुडबुडे नीट येत राहिले, तरच त्या एवढ्याशा फुप्फुसांना हवेचा दाब पुरत होता. आत्याची पाठ बाटलीकडे होती.

सिस्टरने मॉनिटर पाहिला. "ऑक्सिजन चौऱ्याण्णव. सगळं ठीक आहे."

"आत्ता ठीक आहे."

"ताई, गप बस ना," धाकटा भाऊ कुजबुजला. सहा दिवसांत त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "ही तुझी शेवाळाची बरणी नाहीये. इथे शहाणपण नको."

हॉटेलांच्या खरकट्या पाण्यावर शेवाळ वाढवायचं आणि त्यातून इंजिनाला चालेल असं तेल काढायचं, असं संशोधन जिथे चालतं, तिथल्या चाळीस बरण्या अठरा वर्षं आत्याच्या ताब्यात होत्या. प्रत्येक बरणीत नळीने हवा सोडावी लागते. हवा थांबली की शेवाळ तळाशी बसतं आणि सडतं. साहेबलोक मीटर बघत. ही पाठमोरी बसून, डबा खाता खाता सांगायची, "सत्तावीस नंबरची नळी गळतेय." मीटरला ते अर्ध्या तासाने कळायचं. हिच्या पाठीलाही कान आहेत, अशी तिथे चेष्टा चालायची आणि तिला ती मनापासून आवडायची.

आज मात्र गोष्ट बरणीची नव्हती. आपण चुकलो तर हसं होईल, ते होऊ दे. पण आपलं बरोबर असलं आणि कोणी हललंच नाही तर?

"सिस्टर, माझ्याकडे डिग्री नाही," ती म्हणाली. "पण नळी कुठेतरी हवा सोडतेय. यंत्र ओरडेपर्यंत थांबू नका. सांध्यांवरून एकदा बोट फिरवा. काही निघालं नाही, तर मला बाहेर काढा. पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही."

सिस्टरने हात धुतले आणि नळीवरून बोट फिरवायला सुरुवात केली. पेटीच्या मागच्या अंगाला, दुपट्याच्या घडीखाली, बोट थांबलं. सांधा केसभर सुटला होता. तिने तो दाबून बसवला.

बाटली पुन्हा सलग, भरदार बुडबुडू लागली. मॉनिटरवर चौऱ्याण्णवचे एक्याण्णव झाले होते. ते तिथेच थबकले आणि हळूहळू वर चढू लागले.

भाऊ मटकन स्टुलावर बसला आणि रडायलाच लागला.

"रडतोस काय, बाप झालास ना आता!" ती म्हणाली. तिचेही डोळे भरून आले होते.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. आत्याने पिशवी उचलली.

"तुम्ही कुठे निघालात?" सिस्टर म्हणाली. वॉर्डात अशा सहा बाटल्या होत्या. ती सगळ्या बाटल्यांकडे पाठ करून उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. "असंच ना? आता सांगा, काय ऐकायचं."