काटे काढलेला घास

"जपानी जेवण म्हणजे संयमाची साधना," हिमांशू गंभीरपणे म्हणाला आणि समोर आलेली पांढरी, वाफाळती गुंडाळी त्यानं तोंडाकडे नेली.

"हात पुसायचा रुमाल आहे तो," सई कुजबुजली.

"वास घेतोय. ओसाकात आधी वास घेतात."

सईच्या वडिलांनी मान डोलावली. केशवराव बँकेतून तपासणी अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते आणि जावयाबाबत त्यांची एकच अट होती: बढाईखोर नको. हिमांशूला कंपनीनं वर्षभर ओसाकाला पाठवलं होतं. तिथं आपण रोज कच्चा मासा खायचो, असं तो सांगत असे. तेव्हा तपासणीसाठी केशवरावांनी दौलताबाद रस्त्यावरचं हे आठ खुर्च्यांचं सुशीचं हॉटेल निवडलं. होकार की नकार, ते जेवण झाल्यावर.

हिमांशूनं ओसाकातलं वर्ष आईनं दिलेल्या मेतकुटावर काढलं होतं. हे फक्त सईला ठाऊक होतं.

"मला फसवता यायचं नाही हं," केशवराव म्हणाले. "तीन वर्षं रत्नागिरीला होतो. डोळे मिटून मासा ओळखतो."

सई बघतच राहिली. त्यांच्या घरात अंडंही येत नसे.

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले.

ओट्यापलीकडे हॉटेलचा शेफ संघपाल सुरी परजत होता. सहा वर्षं टोकियोत हे काम करून तो गावी परतला होता.

"इथं नियम एकच, काका. मी देईन ते खायचं. काय होतं, ते शेवटी सांगतो."

"ताजं आहे ना?"

"पहाटे स्वतः जाऊन आणलंय. वाजवून बघितल्याबिगर मी काहीच घेत नाय."

"मीसुद्धा," केशवराव हिमांशूकडे बघत म्हणाले.

भाताच्या मुटक्यावर लालभडक, तुकतुकीत काप आला. हिमांशूनं मनातल्या मनात कुलदेवतेची माफी मागितली आणि घास तोंडात टाकला. वाटलं होतं तितकं वाईट नव्हतं. त्याला धीर आला.

"ट्यूना," तो म्हणाला. "पोटाकडचा. चरबी कशी विरघळतेय बघा. ओसाकात जरा चिवट मिळायचा."

केशवराव डोळे मिटून बराच वेळ चावत राहिले.

"खोल समुद्रातला आहे," अखेर ते म्हणाले. "खाडीच्या माशाला ही चव नाही. आणि काटे काय सफाईनं काढलेत!"

"अगदी! मी तेच म्हणणार होतो."

दोघांनी आणखी तीन-तीन काप संपवले. मग केशवरावांनी हात पुसले.

"सई, पोरगा अस्सल आहे. माणूस कितीही बोलू दे, घास घेताना खरा कळतो. माझा होकार."

सईनं सुटकेचा निःश्वास टाकला. हिमांशू वाकून नमस्कार करून उठला. त्याला आता कशाचीच भीती उरली नव्हती.

"शेफ, सांगून टाका आता. ट्यूनाच ना?"

संघपालनं सुरी पुसून बाजूला ठेवली.

"मुंबईहून मासळी आज आलीच नाय. हे पडेगावचं कलिंगड. भाजून सोया सॉसमध्ये मुरवलेलं. काटे नव्हते, काका. बिया काढल्या."