तंबू एकच

जेवणाच्या टेबलावर सगळं दोन-दोन होतं. दोन झोपायच्या पिशव्या, दोन ताटल्या, दोन विजेऱ्या, दोन रेनकोट. तंबू मात्र एकच होता.

त्याने पुन्हा मोजलं. तंबू एकच.

भिंतीवर देशाचा नकाशा होता. या टोकाच्या समुद्रापासून त्या टोकाच्या डोंगरांपर्यंत बायकोने लाल रेघ ओढली होती. एवढी लांब रेघ, आणि एकच तंबू.

"कोणाबरोबर जाणार आहेस?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आहे एकजण." ती पंक्चरचं सामान डबीत भरत होती. "अजून विचारलं नाहीये. आधी विचारलं तर नाहीच म्हणेल. सगळी तयारी बघितली की पाघळेल."

"मी ओळखतो?"

"थोडाफार," ती हसली.

लंबू. दुसरं कोण? तिच्या ऑफिसातला, दारातून वाकून आत येणारा लंबू. सायकलचं वेड तिला त्यानेच लावलं होतं. तो तिला ताई म्हणायचा. म्हणेना का! ताई म्हटल्याने तंबू मोठा होत नाही.

"माझी करडी पँट कुठे गेली?"

"मापासाठी नेलीय. मिळेल उद्या."

पँट आली ती जशीच्या तशी. एक टाकासुद्धा नवा नव्हता. हल्ली हिचं घरात लक्षच नाही, असं तो मनात म्हणाला.

त्याच आठवड्यात जिन्याखाली, चादरीआड, एक कोरी सायकल सापडली. बायकोची तर बाहेर उभी होती. तो भिंतीला धरून सीटवर चढला. पायाचे अंगठे कसेबसे फरशीला लागले. सायकल त्याने शेवटची चालवली ती शाळेत असताना, तेव्हा दोन्ही तळवे ऐसपैस टेकायचे. ही सीट कुणा लांबट पायांच्या माणसासाठी होती.

तो कवळ्या बनवायचा. केसभर फरक झाला तर हिरडी सोलवटते, त्यामुळे अंदाजपंचे काम त्याला ठाऊकच नव्हतं. तळवे टेकायला सीट किती खाली यायला हवी, ते त्याने खिशातल्या स्टीलच्या पट्टीने मोजलं. साठ मिलिमीटर. नुसती खाली सरकवली तर लंबू पुन्हा वर ओढणार. दुसऱ्या दिवशी बायको ऑफिसात असताना सीटची दांडी तो कामावर घेऊन गेला, बारीक चकतीने खालून तेवढी कापली, कड घासून गुळगुळीत केली आणि घरी येऊन, आधी जेवढी आत होती तेवढीच सायकलच्या नळीत सरकवून घट्ट आवळली.

आता बसू दे लंबूला. गुडघे कानाला लागतील.

रविवारी सकाळी लंबू आला. "ताई, विचारलंत का?"

"आता विचारते." तिने चादर ओढली. "अगं बाई! सीट एवढी खाली कशी गेली?"

लंबूने नट सैल करून सीट वर ओढली. दांडी हातातच आली.

"आखूड दांडी गळ्यात मारली दुकानदाराने," तो म्हणाला. "असू दे. किती लांब आणायची ते मोजून घेऊ." त्याने दांडी परत होती तेवढीच आत बसवली.

"मग बस की!" नवरा म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "बघू तरी कसा दिसतोस."

लंबू गोंधळून ताईकडे बघायला लागला.

"तो कशाला?" बायको म्हणाली. "तू बस. तुझ्याच पँटवरून तर माप काढलं होतं."

तो बसला. दोन्ही तळवे फरशीला छान टेकले.

"जमिनीला नाही टेकवायचे, भावोजी," लंबूने सायकल धरली. "पॅडल पार खाली घ्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे."

पाय सरळ होईना. गुडघा वाकलेलाच राहिला. तो सरळ होईपर्यंत नवऱ्याला सीटवरून वर उठावं लागलं.

"तस्साच राहा," बायको म्हणाली. तिने त्याच्या खिशातली पट्टी काढली आणि सीट व त्याच्यामधलं अंतर मोजलं.

साठ मिलिमीटर.