निळा फ्यूज

शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, तिनं किल्ली फिरवली की गाडी नुसतीच कण्हत होती, सुरू काही होत नव्हती.

"बघा, पुन्हा तेच," ती म्हणाली. "काल संध्याकाळी आली, आज बंद. चौथी वेळ आहे ही, बाबा."

बाबा शेजारच्या सीटवर बसले होते. मागे तिची साडेतीन वर्षांची लेक भिंगरी पट्ट्यात अडकल्या अडकल्या नाचत होती. "आजोबा, आपण बसनंच जाऊ!"

"जुनी झाली आता," बाबा म्हणाले. "माझ्यासारखी."

"उस्तादांच्या गॅरेजात गेली की बरी तरणी होते!"

चार महिन्यांपूर्वी ती पुन्हा नोकरीला लागली, ती बाबांच्या भरवशावर. नवरा परगावी. ऑफिसची गाडी सकाळी सातला तिला न्यायची, बालवाडी उघडायची नऊला. मधले दोन तास आणि नंतरची ने-आण बाबांनी आपणहून अंगावर घेतली होती. "मी आहे, माझी गाडी आहे, तू जा," एवढंच म्हणाले होते.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग नेहमीची सर्व्हिसिंग झाली, आणि तिथून गाडीचं बिनसलं. उस्ताद यायचा, गाडी न्यायचा, आठवडाभर ठेवायचा, परत आणून लावायचा. दुसऱ्या दिवशी गाडी ढिम्म. बाहत्तर वर्षांचे बाबा, दुखरे गुडघे, एका हातात नात, दुसऱ्या हातात तिचा डबा, आणि धक्काबुक्कीत बसची पायरी. ऑफिसात बसून तिला ते चित्र दिसायचं.

"गॅरेज बदला म्हटलं तर तेही नाही," ती म्हणाली.

"वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस आहे तो. असं सोडता येतं होय?"

ती खाली उतरली. बॉनेट उघडलं. गाडीचं पुस्तक इंजिनावर पसरलं आणि एकेक पान वाचत बसली. भिंगरीचं तीनदा पाणी पिऊन झालं, एकदा रडून झालं. तेव्हा कुठे तिला फ्यूजचा डबा सापडला. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा होता. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा फ्यूज, निळा.

ती खाच रिकामी होती.

जळलेला नव्हता. सैलही नव्हता. नव्हताच.

कोपऱ्यावरच्या दुकानातून तिनं तीन फ्यूज आणले. एक बसवला आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"झाली?" बाबांनी विचारलं.

"झाली! फ्यूज काही पाय फुटून चालत जात नाही, बाबा. हातानं काढलाय कुणीतरी."

"विसरला असेल गं. जाऊ दे."

"चार वेळा? तुम्ही हिला घेऊन वर जा. मी आलेच."

गॅरेजात तीन-चार गिऱ्हाइकं होती. उस्ताद एका गाडीखालून सरपटत बाहेर आला. तिनं हात पुढे करून तळव्यावरचा निळा फ्यूज दाखवला.

"ओळखता?"

उस्तादानं फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसले.

"बाबा काय म्हणाले?"

"बाबांना मध्ये आणू नका. ते भोळे आहेत, मी नाही. कुणी काढला?"

"मी काढला."

तिनं वाद घालायची तयारी केली होती. कबुलीची नव्हती.

"का?"

"गाडी परत माझ्याकडेच यावी म्हणून," उस्ताद जमिनीकडे बघत म्हणाला.

"ऐकलंत?" ती गिऱ्हाइकांकडे वळली. एकानं आपल्या गाडीची किल्ली मागून घेतली. दुसरा त्याच्यामागोमाग गेला.

"लेखी द्या. सहीसकट."

उस्तादानं दिलं. अक्षर वाकडं, पण एकेक शब्द तिनं सांगितला तसा. मग म्हणाला, "ताई, एक सांगू? लेकीला तुम्हीच सोडत चला."

"मी सातला निघते. माझ्या घरचं मला शिकवू नका."

येताना तिनं गाडीच्या काचा खाली केल्या. कितीतरी दिवसांनी कशाची तरी तड लागली होती, आणि ती तिनं स्वतः लावली होती.

बाबा खालीच येरझाऱ्या घालत होते. भिंगरी शेजारच्या काकूंकडे. तिनं कागद त्यांच्या हातात दिला.

"तूच वाच," बाबा म्हणाले.

तिनं ठसक्यात वाचून दाखवलं. गिऱ्हाइकांसमोरच लिहून घेतल्याचंही सांगितलं.

"लोकांसमोर लिहून घेतलंस?"

"मग काय, आरती ओवाळू त्यांची? बाबा, तुम्हाला कुणी फसवलेलं मला चालणार नाही. दोन जादा फ्यूज गाडीत ठेवलेत. आणि आता सोमवारपासून ऐटीत न्यायचं हिला. बसबिस बंद."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझी वाघीण," म्हणाले. आवाज जरा चिरकला. तिला वाटलं, अभिमानानं.

ती वर गेली. कुकर लावला. मग आठवलं, पर्स गाडीतच राहिली. ती पुन्हा जिना उतरली आणि खांबापाशी थबकली. बाबा गाडीचं दार उघडं टाकून आत बसले होते. कानाला फोन होता.

"माझ्यापायी चार लोकांत चोर ठरलास रे, उस्ताद," ते हळू आवाजात म्हणत होते. "पण ऐक, आता फ्यूज नको, तिला सापडतो. दुसरं काहीतरी काढून ने. त्या दिवशी गाडी चालवताना पुढ्यातली बस मला हॉर्न वाजल्यावर दिसली, हे हिला कळलं तर ही नोकरी सोडून घरी बसेल. आणि सोमवारी नऊला माझी नात मागच्या सीटवर असणार आहे. त्याच्या आत ये."