पेडलला नमस्कार

"संगीतातलं मला कळत नाही असं फारसं काही उरलेलं नाही," मी जाहीर केलं आणि या गिटारला पाय कशाला लावलेत, असं विचारलं.

नार्वेकर हसले नाहीत. ऑर्केस्ट्रात तीस वर्षं वाजवलेली पेडल स्टील गिटार ते विकणार होते, पण माणूस पारखून. तिघांना परत पाठवलं होतं. मला ती हवीच होती.

"वर तारा, खाली पेडल. पायाने दाबलं की सूर चढतो. वाजवा."

मी तार छेडली, पेडल दाबलं. सूर चढला आणि मी दचकलो. वाद्याला पाय लागला होता. चटकन वाकून पेडलला हात लावला, तो कपाळाला लावला. पुन्हा दाबलं, पुन्हा नमस्कार. चौथा नकार आता माझाच.

नार्वेकर माझ्या पायाशी बसले, पेडलवरून हात फिरवला. "पहिलं वर्षभर मीही हेच करायचो. त्या तिघांच्या मनातही आलं नाही. घेऊन जा, तुमचीच आहे."

पासष्टाव्या वर्षी माझी छाती फुगली.

"फक्त एक करा," ते उठता उठता म्हणाले. "रियाजाला बसताना धुतलेले मोजे घाला."