सुताच्या खोक्याचा पुठ्ठा

"पुढचे या," रंजिता मान खाली घालूनच म्हणाली, आणि पुढचा नेमका तिचा बाप निघाला.

रघू खुर्चीत ऐसपैस बसला. तंबाखूची डबी काढून टेबलावर ठेवली आणि मागच्या रांगेकडे वळून म्हणाला, "आपली पोर हाय. आपल्याला फुकटात तपासंल."

"शिबिर सगल्यांनाच फुकट हाय, रघू!" मागून सावळाराम ओरडला. रांग हसली. बाप पण हसला, जरा उशिरा.

रांगेत सगळे लूमवालेच, यंत्रमागावर कापड विणणारे. शुक्रवार होता, कामतघरचे लूम बंद, म्हणून रंजिताच्या कॉलेजने कान तपासायचं शिबिर आज लावलं होतं, गणपती मंडळाच्या हॉलमध्ये. खटखट बंद झाली तरी इथली माणसं खटखटीच्या वरूनच बोलतात.

रंजिताचं हे कानाच्या डिग्रीचं तिसरं वर्ष. ठरलेल्या संख्येने पेशंट तपासून झाल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणून ती आली होती. बापासाठी नाही. बापाशी ती कामापुरतंच बोलायची. पहिल्यांदा हॉस्टेलला निघाली तेव्हा एसटीच्या खिडकीतून तिने त्याला तीन हाका मारल्या होत्या. तो दहा पावलांवर होता, पाठमोरा. वळला नाही, चालत गेला. तिचं शिकणं बापाला नको आहे, हे तिने त्याच दिवशी मनात पक्कं केलं. गाडी कल्याणला पोचेपर्यंत रडली आणि मग रडणं बंद करून टाकलं.

"मी एकेक शब्द म्हणणार. तुम्ही तोच परत म्हणायचा."

"आता या वयात पाठांतर घेतंस काय?"

"म्हणा. भाकर."

"भाकर."

"खिडकी."

"खिडकी."

"पाऊल."

"पाऊल. झालो ना पास?"

तिने वहीत बरोबरच्या खुणा केल्या. पुढच्याला हाक मारणार, तेवढ्यात कॉलेजच्या वैशाली मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वही उचलली, पानं उलटली.

"सकाळपासून अठरा जण. अठराच्या अठरांना सगळं ऐकू येतं?"

"हो मॅडम. मी स्वतः घेतलेत."

"वीस-वीस वर्षं लूमवर काढलेली माणसं आहेत ही, रंजिता." मॅडमनी वही खाली ठेवली. "शब्द म्हणताना तोंड झाकलं होतंस?"

रंजिताचं तोंड लाल झालं. पेशंटला बोलणाऱ्याचे ओठ दिसता कामा नयेत, हे पुस्तकात होतं. दुसऱ्या वर्षाला एका मार्काला आलं पण होतं, आणि तो मार्क तिला मिळाला होता. पण झाकायचं कार्ड कॉलेजातच राहिलं, आणि एवढ्याशा कार्डाने काय अडतंय, असं म्हणून तिने काम सुरू केलं होतं.

"नाही झाकलं."

"मग परत घे. यांच्यापासूनच."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. रंजिता तणतणत उठली. कोपऱ्यात सूत गुंडाळलेल्या कोनांचं रिकामं खोकं पडलं होतं. त्याचं झाकण तिने टरकावलं, परत येऊन बसली आणि पुठ्ठा तोंडासमोर धरला.

"भाकर."

रघू तिच्याकडे बघत राहिला. मग पुठ्ठ्याकडे. हसू तोंडावर तसंच होतं.

"पाऊल," ती म्हणाली. आवाज मघाचाच, अंतर मघाचंच.

"भाकर?" रघू म्हणाला. मघाचं आठवून म्हणाला, हे तिला कळलं.

"बाबा. शब्द म्हणा ना."

रघू पुढे वाकला, एका बोटाने पुठ्ठा हळूच खाली केला आणि तिच्या ओठांकडे बघत म्हणाला, "ह्यो काढ ना, बाय. मधी पुठ्ठा धरलास, आता मला आयकू कसं येल?"

रांग परत हसली. पण सावळाराम हसला नाही. त्याने गुपचूप हात वर नेऊन आपला कान चोळला.

लहानपणी बापाचा डबा घेऊन रंजिता कारखान्यात जायची. चार लूम पलीकडचा माणूस नुसते ओठ हलवायचा, आणि इकडे बाप खदाखदा हसायचा. तिला ती जादू वाटायची. घरी येऊन आरशात ती पण तसे ओठ हलवायची.

तिने पुठ्ठा पुन्हा वर धरला. आवाज चढवला. अजून चढवला. शेवटी रांगेतल्या मागच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्याने "पाऊल" म्हणाली, तेव्हा रघू म्हणाला, "पाऊल." वहीतल्या खुणा तिने खोडल्या आणि नवीन लिहिल्या. अक्षर वाकडं आलं.

"काय, नापास?" रघूने विचारलं.

"मशीनवर तपासायला लागेल. आतल्या खोलीत. चार वाजता या."

तो तिच्या ओठांकडे बघून "बरं" म्हणाला आणि उठून गेला. मॅडम म्हणाल्या, "बाकीच्या सतरांना पण परत बोलवायचंय." रंजिताने मान हलवली. मग तिला टेबलावर राहिलेली डबी दिसली.

ती डबी घेऊन बाहेर आली. गल्ली शांत होती. रघू पुढे चालला होता, दहा पावलांवर, पाठमोरा. हाक मारायला रंजिताने तोंड उघडलं.

आणि मिटलं. पळत सुटली. त्याला ओलांडून पुढे गेली, वळली, आणि बरोबर त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, डबी."

रघूने डबी खिशात टाकली. तिला लागलेली धाप बघून त्याला हसू आलं.

"यवढी धावत कशाला आलीस गं? हाक मारायची ना."